‘ग्रॉस’ म्हणजे नेमकं काय? उसाच्या पावतीपासून मोबाइलच्या रिचार्जपर्यंत एका जाडजूड शब्दाचा हिशेब

कोल्हापूरहून गारगोटीकडे जाणाऱ्या रस्त्यावर कागल तालुक्यातलं बिद्री लागतं. दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यामुळे हे नाव जिल्ह्याबाहेरही माहीत आहे. कागल, भुदरगड, राधानगरी आणि करवीर तालुक्यांतला ऊस इथे येतो. हंगाम सुरू झाला की या रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर दिसू लागतात. उसाची गाडी कोणत्याही कारखान्यात गेली तरी तिचा पहिला थांबा असतो वजनकाटा. आणि काटा कुठलाही असो, त्याच्या पावतीवर बहुधा तीन शब्द असतात : ग्रॉस, टेअर, नेट.

आता यातला पहिला शब्द घ्या. शहरातल्या एखाद्या शाळकरी मुलीसमोर कारल्याची भाजी ठेवा. ती नाक मुरडून म्हणेल, ‘ईऽऽ, ग्रॉस!’ तिच्या तोंडी या शब्दाचा अर्थ किळसवाणं. वकिलाच्या तोंडी तो घोर होतो, अर्थतज्ज्ञाच्या तोंडी सकल, हिशेबनीसाच्या तोंडी ढोबळ. स्टेशनरीच्या घाऊक दुकानात ‘एक ग्रोस पेन्सिली द्या’ म्हटलं की मोजून १४४ मिळतात. एखाद्या माणसाला इंग्रजीत ग्रॉस म्हटलं, तर तो आडदांड, असभ्य किंवा अवाजवी जाड असल्याचं सुचवलं जातं. थोडक्यात, कौतुक म्हणून कुणालाही लावता येणार नाही असं हे विशेषण आहे.

तरीही उसाचं बिल, पगार, सोनं, मोबाइलचं बिल, सरकारी दाखला आणि देशाची अर्थव्यवस्था यांपैकी एकही गोष्ट या शब्दाशिवाय मोजली जात नाही. म्हणून हे विश्लेषण.

मुळात अर्थ एकच : जाड

उत्तरकालीन लॅटिन भाषेत ‘ग्रॉसस’ म्हणजे जाड, भरड. त्यातून फ्रेंचमध्ये ‘ग्रो’ हा शब्द आला, म्हणजे मोठा, जाड. फ्रेंचमधून तो इंग्रजीत शिरला आणि मग त्याला फांद्या फुटल्या. जाड कापड, जाड माणूस, जाडी बुद्धी, भरड वागणं ही झाली एक फांदी. दुसरी फांदी बाजारात गेली. जो माल सुटा न विकता मोठ्या राशीने विकतात, तो ‘ग्रो’मध्ये विकला, असं म्हणत. असा घाऊक व्यापार करणारा तो ‘ग्रोसर’. आज कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाला लावला जाणारा ग्रोसरी हा शब्द मूळचा घाऊक व्यापाऱ्याचा आहे. लंडनमधली ग्रोसर्सची जुनी व्यापारी संघटना आधी मिरी विकणाऱ्यांची संघटना होती. बारा डझनांचा ग्रोसही याच फांदीवरचा : फ्रेंच ‘ग्रोस दूझेन’, म्हणजे मोठा डझन.

तिसरी फांदी नाण्यांची. मध्ययुगीन युरोपात पातळ चांदीच्या नाण्यांच्या जागी जाड नाणी पाडली गेली, तेव्हा त्यांना ‘जाड नाणं’ असंच नाव पडलं. जर्मन भाषेत ते ग्रोशेन झालं, तुर्कीत कुरुश. पोलंडमध्ये आजही एका झ्लोटीचे १०० ग्रोश होतात. म्हणजे एका अख्ख्या देशाची सुटी चिल्लर ‘जाड्या’ नावाने चालते.

हसण्याआधी आपल्याकडे बघू. आपल्याकडेही तांब्याचा जाडजूड ‘ढब्बू पैसा’ होताच. नाण्याचं नाव जाडीवरून, आणि तोच शब्द गुटगुटीत पोराला चिडवायला. कोल्हापूरच्या भाजीमंडईत आजही ढब्बू मिरची मिळते. पुण्या-मुंबईकडे तिलाच ढोबळी मिरची म्हणतात. जाड म्हणून ढोबळी. आणि कॉमर्सच्या पुस्तकात ‘ग्रॉस प्रॉफिट’ला काय म्हणतात? ढोबळ नफा. लॅटिन आणि मराठी हजारो मैलांवर, पण जाड मिरची, जाड पैसा आणि जाड नफा यांना जोडणारी वाट दोन्हीकडे सारखीच निघाली.

मराठीत एकाच्या जागी चार शब्द

इंग्रजी एका शब्दावर भागवते. मराठीने मात्र कामं वाटून दिली. जमाखर्चात ढोबळ. अर्थशास्त्रात आधी स्थूल आणि आता जास्त करून सकल. न्यायालयात घोर किंवा गंभीर. रोजच्या बोलण्यात एकूण.

यातला सकल सर्वात नेमका, असं माझं मत. संस्कृतमध्ये सकल म्हणजे ‘कलांसह’, सगळ्या अंशांसह. काहीही न वगळता सगळं. ‘सकल मराठा समाज’ असं बॅनरवर वाचतो तेव्हा आपल्याला तो अर्थ आपोआप कळतो. हिशेबातल्या ग्रॉसचा अर्थही तोच : अजून काही वजा केलेलं नाही. ढोबळ म्हटलं की मात्र गडबड होते. कारण ‘ढोबळमानाने’ म्हणजे अंदाजे. ढोबळ नफा अंदाजे काढलेला नसतो, तो पैशापर्यंत अचूक असतो. फक्त त्यातून दुकानाचं भाडं, पगार, वीजबिल अजून गेलेलं नसतं.

आणि नेट? हा शब्द लॅटिनमधल्या ‘चकचकीत, स्वच्छ’ या अर्थाच्या शब्दातून आला. मराठीत त्याच्यासाठी निव्वळ आहे, आणि निव्वळ निवळण्याच्या घरातला आहे. गढूळ पाणी ठेवून दिलं की गाळ खाली बसतो, वर राहतं ते निवळ. गुऱ्हाळात काहिलीत रस उकळताना भेंडीचा चिकट रस घालतात, मळी वर येते, ती काढली की रस निवळतो. ग्रॉसमधून नेट काढणं म्हणजे हेच. उरतो तो टेअर. हा मूळचा अरबी शब्द, ‘बाजूला टाकलेलं’ या अर्थाचा. भांडं, पोतं, गाडी यांचं रिकामं वजन.

पावतीवरचं गणित

समजा, उसाने भरलेला ट्रॅक्टर दोन ट्रॉल्यांसह काट्यावर चढला आणि आकडा आला २८.४६० टन. हा ग्रॉस. ऊस उतरवून रिकामी गाडी परत काट्यावर आली, आकडा ८.२१० टन. हा टेअर. वजाबाकी केली, २०.२५० टन. हा नेट, आणि शेतकऱ्याच्या नावावर एवढाच ऊस चढतो.

या वजाबाकीत लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की ग्रॉसमध्ये चूक झाली काय किंवा टेअरमध्ये झाली काय, नेट सारखंच चुकतं. भरलेल्या गाडीच्या वजनाकडे सगळ्यांचं लक्ष असतं. शेतकरी, त्याचा पोरगा, ड्रायव्हर सगळे आकडा बघतात. रिकाम्या गाडीच्या वजनाकडे बघायला मात्र शेतकरी बहुतेक वेळा तिथे नसतोच. रिकामी गाडी दोनशे किलो जड दाखवली, तर दोनशे किलो ऊस गायब होतो आणि ग्रॉसचा आकडा निष्पाप राहतो. कोल्हापूर, सांगली भागात ‘काटामारी’ हा शब्द वर्षानुवर्षं गाजतो आहे. ऊस परिषदांमध्ये, आंदोलनांमध्ये शेतकरी संघटना डिजिटल काट्यांची आणि बाहेरच्या काट्यावर केलेलं वजन मान्य करण्याची मागणी करत आल्या आहेत. वजनकाटे तपासण्याचं काम वैधमापन शास्त्र विभागाचं, आणि हंगामात जिल्हा प्रशासनाची भरारी पथकंही फिरतात.

नुसता एक टक्का फरक म्हणजे किती? वरच्या उदाहरणातल्या एका खेपेत २०२.५ किलो. त्याचे पैसे किती, हे कळायला आधी दर समजून घ्यावा लागेल. आणि दरातही ग्रॉस आहेच.

एफआरपीचा आकडा मोठा, हातातला छोटा का?

केंद्र सरकारने २०२५-२६ च्या हंगामासाठी उसाची एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, क्विंटलला ३५५ रुपये ठरवली. हा दर १०.२५ टक्के साखर उताऱ्यासाठी आहे. त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये जास्त. कोल्हापूर जिल्हा चांगल्या उताऱ्यासाठी ओळखला जातो. हिशेबासाठी १२.२५ टक्के उतारा धरू. म्हणजे पायाभूत उताऱ्यावर २० टप्पे, ६९ रुपये २० पैसे. एकूण क्विंटलला ४२४ रुपये २० पैसे, टनाला ४,२४२ रुपये.

बातमीच्या मथळ्यात हा आकडा येतो. पण एफआरपी हा कारखान्याच्या दारात ऊस पोहोचवल्याचा दर आहे. महाराष्ट्रात तोडणी आणि वाहतुकीची व्यवस्था साधारणपणे कारखाना करतो आणि तो खर्च बिलातून कापून घेतो. हा खर्च प्रत्येक कारखान्याचा आणि अंतराचा वेगळा. उदाहरणापुरता टनाला ९०० रुपये धरला, तर शेतकऱ्याच्या खात्यात येतात ३,३४२ रुपये. ४,२४२ हा ग्रॉस, ३,३४२ हा नेट. दोन्ही आकडे खरे. भांडण होतं ते एकाने पहिला आकडा बोलला आणि दुसऱ्याने दुसरा ऐकला म्हणून.

दर जाहीर होण्याच्या दिवसांत सोशल मीडियावर फिरणाऱ्या तक्त्यांमध्ये हा घोळ हमखास असतो. एका कारखान्याचा तोडणी-वाहतूक वजा जाता दर आणि दुसऱ्याचा एकूण दर शेजारी-शेजारी. असा तक्ता आला की आधी एवढंच विचारा : हा दर वाहतूक धरून की वगळून?

आता तो एक टक्का. २०२.५ किलो गुणिले ग्रॉस दर, म्हणजे ८५९ रुपये. पण शेतकऱ्याचं प्रत्यक्ष नुकसान नेट दराने मोजायला हवं, ते येतं ६७७ रुपये, एका खेपेला. मग मधले १८२ रुपये कुणाचे? ऊसतोड मजुरांची मजुरी आणि वाहतूकदाराचं भाडंही टनावरच ठरतं. त्यामुळे काट्यात वजन घटलं की बीडहून आलेल्या तोडकऱ्याचाही खिसा कापला जातो. ही बाजू काट्याच्या भांडणात फारशी ऐकू येत नाही.

आणि नेटच्याही खाली एक नेट असतंच. लागणीचा खर्च, खतं, पाणीपट्टी, सोसायटीचं कर्ज. शिवाय तोडीसाठी ‘खुशाली’ किंवा ‘एन्ट्री’ म्हणून रोख मागितले जाणारे पैसे. ते कोणत्याच पावतीवर येत नाहीत, ग्रॉसमध्येही नाही आणि टेअरमध्येही नाही.

जाता जाता : साखर उत्पादनाच्या बातम्यांमध्येही आता दोन आकडे असतात. उसातून निघू शकली असती ती सगळी साखर म्हणजे ग्रॉस उत्पादन. त्यातून इथेनॉलकडे वळवलेली साखर वजा केली की नेट. दोन बातम्यांत लाखो टनांचा फरक दिसला, तर दरवेळी कुणी तरी खोटं बोलत असतं असं नाही.

दाखल्यावर ‘ग्रॉस’ आलं की

आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी, म्हणजे ईडब्ल्यूएससाठी १० टक्के आरक्षण २०१९ मध्ये १०३ व्या घटनादुरुस्तीने आलं. पात्रतेची एक अट अशी की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपेक्षा कमी हवं. केंद्राच्या जानेवारी २०१९ च्या आदेशात या उत्पन्नाआधी शब्द आहे ‘ग्रॉस’. आणि त्यात पगार, शेती, धंदा, व्यवसाय अशा सगळ्या वाटांनी येणारं उत्पन्न धरायचं आहे. शेतजमीन पाच एकर किंवा त्याहून जास्त असेल, तर उत्पन्न न बघताच अपात्र.

आता चार एकर ऊस असलेलं एक कुटुंब डोळ्यांसमोर आणा. टनेज एकरी ५० असं धरू. दोनशे टन. वरच्या ग्रॉस दराने बिल होतं ८ लाख ४८ हजार ४०० रुपये. तोडणी-वाहतूक वजा जाता खात्यावर येतात ६ लाख ६८ हजार ४००. खतं-मजुरी वजा केली, की त्याच्याही बऱ्याच खाली. एकाच शेतातला एकच ऊस, पण पहिल्या आकड्याने पोरगी ८ लाखांच्या रेषेच्या वर जाते आणि दुसऱ्याने खाली राहते. शिवाय ऊस बारा ते अठरा महिन्यांचं पीक, त्याचं बिल आर्थिक वर्षाच्या चौकटीत नीट बसतही नाही.

ओबीसींच्या नॉन-क्रिमीलेअरसाठीही मर्यादा ८ लाखांचीच आहे, पण तिथे पगार आणि शेतीचं उत्पन्न त्या कसोटीत धरत नाहीत. आकडा सारखा दिसतो म्हणून हिशेब सारखा नाही. बारावीनंतर प्रवेशाच्या गडबडीत दाखला काढायला जाणाऱ्यांनी तहसीलमध्ये उसाच्या बिलाबरोबर कपातीचा तपशीलही न्यावा आणि कोणता आकडा धरणार, हे तिथेच विचारून घ्यावं.

एका विशेषणाची किंमत : दीड लाख कोटी

तुमच्या हातातल्या फोनचा रिचार्ज २०१९ च्या डिसेंबरमध्ये एकदम महागला होता, आठवतं? त्यामागच्या कारणांत हाच शब्द होता.

१९९९ च्या दूरसंचार धोरणाने मोबाइल कंपन्यांना ठरावीक परवाना शुल्काऐवजी उत्पन्नाचा ठरावीक वाटा सरकारला द्यायची सोय दिली. वाटा कशावर मोजायचा? ‘अ‍ॅडजस्टेड ग्रॉस रेव्हेन्यू’वर, म्हणजे एजीआरवर. इथे ठिणगी पडली. कंपन्या म्हणाल्या, ग्रॉस म्हणजे मोबाइल सेवेतून मिळालेलं सगळं उत्पन्न. सरकार म्हणालं, ग्रॉस म्हणजे सगळं : बँकेतल्या ठेवींचं व्याज, लाभांश, जागेचं भाडं, सगळंच. वाद वर्षानुवर्षं न्यायाधिकरण आणि न्यायालयांत फिरत राहिला.

२४ ऑक्टोबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारचा अर्थ मान्य केला. परवाना शुल्काची थकबाकी, तिच्यावरचं व्याज, दंड आणि दंडावरचं व्याज धरून आकडा ९२ हजार कोटींवर गेला. त्यात स्पेक्ट्रम वापराचं शुल्क मिळवलं तेव्हा एकूण रक्कम सुमारे १ लाख ४७ हजार कोटी झाली. पुढे १ सप्टेंबर २०२० रोजी न्यायालयाने हप्त्यांत फेडायला दहा वर्षं दिली. १५ सप्टेंबर २०२१ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने व्याख्याच बदलली आणि दूरसंचाराबाहेरचं उत्पन्न एजीआरमधून वगळलं, पण ते पुढच्या काळासाठी. मागचं देणं तसंच राहिलं.

करारात शब्द लिहिताना त्याच्या पुढे दोन ओळी जास्त लिहिल्या की काय वाचतं, याचं याहून महाग उदाहरण मला तरी माहीत नाही.

ऑफर लेटर, सिलिंडर आणि बोरमाळ

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला कॅम्पसमध्ये एकच प्रश्न असतो, ‘पॅकेज किती?’ आम्हीही तोच विचारत होतो आणि भागिले बारा करून बाइकचा हप्ता ठरवत होतो. पहिल्या महिन्यात डोळे उघडतात. समजा पगाराच्या चिठ्ठीवर ग्रॉस ४०,००० आहे, त्यात बेसिक २०,०००. पीएफ बेसिकच्या १२ टक्के, २,४००. महाराष्ट्रात व्यवसाय कर २००, फेब्रुवारीत ३००. हातात ३७,४००. पॅकेजमध्ये मात्र कंपनी भरते तो पीएफचा वाटा आणि ग्रॅच्युइटीची तरतूदही मिळवलेली असते. त्यामुळे या ३७,४०० ची जाहिरात ‘वर्षाला ५ लाख २० हजार’ अशी होते. पॅकेज हे ग्रॉसच्याही वरचं ग्रॉस आहे.

घरगुती गॅस सिलिंडर : नेट वजन १४.२ किलो. रिकाम्या टाकीचं वजन मानेजवळच्या लोखंडी पट्टीवर लिहिलेलं असतं. तिथे १५.९ असेल, तर भरलेली टाकी ३०.१ किलो भरायला हवी. घरी येणाऱ्या माणसाकडून वजन करून मागता येतं. बहुतेक जण सील बघतात आणि आत घेतात.

सोनं : बोरमाळेचे मणी आतून लाखेने भरलेले असतात. सोनं तारण ठेवायला गेलात, की पावतीवर ग्रॉस वजन आणि नेट वजन वेगवेगळं दिसेल. लाख, खडे, दोरा वजा करून उरलेल्या सोन्यावरच कर्ज मिळतं. आजीच्या दागिन्याचं वजन घरात ज्या आकड्याने सांगितलं जातं, तो बहुधा ग्रॉस असतो, हे तिथेच कळतं.

सिनेमा : ‘१०० कोटींचा गल्ला’ ग्रॉस की नेट? २०० रुपयांच्या तिकिटात १८ टक्के जीएसटी धरला, तर ३० रुपये ५१ पैसे कराचे. उरलेल्या १६९ रुपये ४९ पैशांना नेट म्हणतात, आणि तेही निर्मात्याचे नाहीत. त्यात थिएटर आणि वितरकाचा वाटा आहे. पोस्टरवर कोणता आकडा छापतात, ते सांगायला नको.

जहाजाचं ‘ग्रॉस टनेज’ मात्र सगळ्यांना चकवतं. ते वजन नाहीच, जहाजाच्या आतल्या जागेचं माप आहे.

जीडीपीतला ‘जी’

सकल देशांतर्गत उत्पादन हा शब्द रोज कानावर पडतो. त्यातल्या सकलला एक नेमकं काम आहे : घसारा वजा केलेला नाही, असं तो सांगतो. कारखान्याने वर्षभर साखर काढली, पण त्या वर्षात बॉयलर, टर्बाइन, रोलर झिजले. साखरेची किंमत जीडीपीत येते, झीज वजा होत नाही. झीज वजा केली की मिळतं निव्वळ देशांतर्गत उत्पादन. ते सरकार मोजतं, प्रसिद्धही करतं, पण मथळ्यात सहसा येत नाही. झीज मोजणं अवघड आणि आकडा छोटा, दोन्ही कारणं आहेत.

यंत्रांची झीज निदान दुसऱ्या आकड्यात तरी येते. जमिनीची येत नाही. शिरोळ तालुक्यात आणि शेजारच्या सांगली जिल्ह्यात पाण्याच्या अतिवापराने आणि निचरा नसल्याने कितीतरी जमीन क्षारपड झाली. ज्या वर्षी त्या जमिनीतून भरघोस ऊस निघाला, त्या वर्षी तो ग्रॉसमध्येही धरला गेला आणि नेटमध्येही. मीठ वर आलं त्याची नोंद कुठेच नाही. राष्ट्रीय उत्पन्नाच्या मोजणीचा पाया घालणाऱ्यांपैकी एक सायमन कुझ्नेट्स यांनी १९३४ मध्येच अमेरिकी काँग्रेसला दिलेल्या अहवालात बजावलं होतं की या आकड्यावरून लोकांचं कल्याण ओळखू नका.

भूतानने १९७० च्या दशकात ‘ग्रॉस नॅशनल हॅपिनेस’ची कल्पना पुढे आणली. सकल राष्ट्रीय आनंद. निव्वळ आनंद काढायचा तर दुःख वजा करावं लागेल, त्याचा घसारा कुणी काढायचा?

शाळा-कॉलेजांच्या पटनोंदणीतही ‘ग्रॉस’ आहे. त्या वयोगटातल्या मुलांच्या संख्येशी प्रवेश घेतलेल्या सगळ्यांची तुलना करतात, मग ते कोणत्याही वयाचे असोत. त्यामुळे हे प्रमाण १०० टक्क्यांच्या वरही जाऊ शकतं. असा आकडा दिसला तर छपाईची चूक समजू नका.

कोर्टात ‘घोर’, कट्ट्यावर ‘ईऽऽ’

कायद्यात या शब्दाने जीवन-मरणाची रेषा आखली आहे. रुग्ण दगावला की डॉक्टरवर फौजदारी गुन्हा दाखल करायचा का? ५ ऑगस्ट २००५ रोजी ‘जेकब मॅथ्यू विरुद्ध पंजाब सरकार’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की फौजदारी गुन्ह्यासाठी साधी चूक पुरेशी नाही, निष्काळजीपणा ‘ग्रॉस’ हवा. गंमत म्हणजे तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या ३०४-अ कलमात हा शब्द नव्हताच. तो त्यात आहे असं समजून कलम वाचावं, असं न्यायालय म्हणालं. नुकसानभरपाईचा दिवाणी दावा साध्या निष्काळजीपणावरही चालतो. एका विशेषणाने भरपाई आणि तुरुंग यांच्यात भिंत उभी केली.

इथे मराठीची एक गंमत दिसते. हिशेबात ग्रॉस आणि निव्वळ एकमेकांच्या विरुद्ध. पण इंग्रजीत एखादी गोष्ट ‘ग्रॉस’ अन्याय असेल, तर मराठीत आपण सहज म्हणतो, ‘हा निव्वळ अन्याय आहे.’ शिवी द्यायची वेळ आली की वजाबाकी संपते. काहीही वजा न केलेलं आणि सगळं वजा करून उरलेलं, दोन्ही सारखंच लागतं.

आणि सुरुवातीची ती कारलं नको असलेली मुलगी? तिचा अर्थ सगळ्यात नवा. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या तरुणांच्या बोलीत भरड, असभ्य असलेला ग्रॉस किळसवाणा झाला, तिथून मालिका, सिनेमे आणि आता रील्समधून इकडे आला. तिच्या आजोबांचा ऊस जर कारखान्याला जात असेल, तर तेही हंगामात हाच शब्द वापरतात आणि त्यांच्या लेखी तो जितका मोठा तितका चांगला. फक्त त्यांनी पावतीवर आणखी दोन गोष्टी बघायला हव्यात : रिकाम्या गाडीचं वजन त्याच खेपेला केलंय ना, आणि भरलेल्या व रिकाम्या वजनाच्या दोन्ही वेळा छापल्यात ना.